कार्थेज ते रोम, पाच दिवस : पहिल्या रक्तसाक्षी स्त्रियांच्या वाटेने

ही सहल मंगळवारी सुरू करायची. कारण साधे आहे. ट्युनिसचे बार्दो संग्रहालय आणि रोममधली प्रिशिलाची भुयारे (जमिनीखालची जुनी कबरस्ताने) सोमवारी बंद, दोमितिलाची मंगळवारी, कालिस्तोची बुधवारी. मंगळवार-बुधवार कार्थेजला काढले आणि गुरुवारी सकाळी रोममध्ये असलो की एकही कुलूप आडवे येत नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळे आटोपते. रविवार मोकळाच ठेवावा. मिस्सा (चर्चमधली उपासना) चालू असताना माना वर करून मोझेइक, म्हणजे रंगीत खड्यांची चित्रे, बघत फिरणे बरे दिसत नाही.

आधी ट्युनिस, मग रोम हा क्रमही मुद्दाम. परत येणारे विमान रोमहून धरले की शेंगेन व्हिसा एका प्रवेशाचा पुरतो. रोम आधी करून ट्युनिसला गेलात आणि पुन्हा रोमला आलात, तर एकाहून जास्त प्रवेशांचा लागतो. पण खरे कारण वेगळे आहे. कार्थेजला कागद, म्हणजे लेखी पुरावा, पक्का आणि जागा कच्ची. रोमला जागा पक्की आणि कागद कच्चा. पक्का कागद आधी वाचला की रोममधल्या दंतकथा ऐकताना कान तयार झालेला असतो.

एक शब्द सुरुवातीलाच. ग्रीक 'मार्तिस'चा अर्थ साक्षीदार. श्रद्धेसाठी जीव देणाऱ्याला मराठी ख्रिस्ती बोलीत 'रक्तसाक्षी' म्हणतात; तो शब्द 'हुतात्मा'पेक्षा त्या अर्थाच्या जवळ जातो, कारण या सगळ्या प्रकरणांच्या मुळाशी न्यायालयातली एक जबानी असते.

दिवस पहिला (मंगळवार) : कार्थेज

निघण्यापूर्वी पर्पेतुआ आणि फेलिसितास या इथे मारल्या गेलेल्या दोन ख्रिस्ती स्त्रियांच्या हौतात्म्याच्या मजकुराची छापील प्रत बरोबर घ्यायची. एकवीस लहान प्रकरणे आहेत, तासाभरात वाचून होतात. तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंतचा भाग पर्पेतुआने स्वतः तुरुंगात लिहिलेला, अकरा ते तेरा तिच्या सोबतच्या सातुरूसचा, बाकीचा एका अनामिक संपादकाचा. ख्रिस्ती स्त्रीच्या स्वतःच्या हातचे इतके जुने लिखाण दुसरे जवळजवळ नाही. आज तो मजकूर जागेवर वाचायचा आहे.

ट्युनिस मरीन स्थानकावरून टीजीएम ही उपनगरी गाडी पकडायची. अर्ध्या-पाऊण तासात कार्थेज येते. कार्थेज नावाची स्थानके ओळीने पाच-सहा आहेत, हे माहीत नसले की माणूस पहिल्याच ठिकाणी उतरतो. आपल्याला 'कार्थेज हानिबाल' हवे. तिथून बिर्सा टेकडी चढायची. अवशेषांच्या सगळ्या जागांना मिळून एकच तिकीट असते. ते दिवसभर जपून ठेवायचे, प्रत्येक फाटकावर मागतात. उन्हाळ्यात सावली नाही, पाणी नाही. टोपी आणि दोन लिटर पाणी पाठीवर हवेच.

बिर्सावर रोमन काळातला फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, होता. जाहीर सुनावणी फोरममध्ये झाली असे पर्पेतुआ लिहिते, म्हणून सहावे प्रकरण इथे वाचायचे. साल २०३, बादशहा सेप्टिमियस सेव्हेरस. प्रोकॉन्सल (प्रांताचा राज्यपाल) मरण पावल्याने त्याच्या जागी प्रोक्युरेटर (त्याच्या खालचा अधिकारी) हिलारियानुस न्यायासनावर आहे. पर्पेतुआ बाविशीची, चांगल्या घरातली, शिकलेली, विवाहित. अंगावर पिणारे मूल. (नवऱ्याचा संपूर्ण मजकुरात उल्लेख नाही. का नाही, यावर ढीगभर तर्क आहेत.) म्हातारा बाप तिचे बाळ घेऊन पुढे येतो : 'पोराची दया कर, वाहा बळी.' हिलारियानुसही तेच म्हणतो : बापाच्या पिकल्या केसांकडे बघ, मुलाच्या बाळपणाकडे बघ. ती म्हणते, नाही. मग एकच प्रश्न, तू ख्रिस्ती आहेस काय? 'ख्रिस्ती आहे.' बाप मध्ये पडतच राहतो, तेव्हा त्याला खाली पाडून छडीने मारतात. तो मार आपल्यालाच बसल्यासारखे वाटले, असे मुलगी लिहिते.

ही पद्धत समजून घेतली नाही तर पुढचे काहीच नीट लागत नाही. रोमन अधिकारी घरोघर ख्रिस्ती शोधत फिरत होते असे चित्र बहुतेकांच्या डोक्यात असते. साधारण ११२ साली धाकटा प्लिनी या प्रांताधिकाऱ्याला सम्राट ट्राजनने दिलेले उत्तर वेगळे होते : शोधू नका, पण कोणी तक्रार केली, गुन्हा शाबीत झाला आणि आरोपी देवांना नमन करायला नकार देत असेल, तर शिक्षा करा. म्हणजे सुटकेचा दरवाजा शेवटपर्यंत उघडा. चिमूटभर धूप, एक वाक्य, आणि घरी. प्लिनीच्या त्याच पत्रव्यवहारात छळ करून जबानी घेतलेल्या दोन दासी येतात. त्यांच्या मंडळीत त्यांना 'सेविका' म्हणत, एवढे तो नोंदवतो. नावे त्याला लिहावीशी वाटली नाहीत.

सगळ्यात ठसठशीत जागा मात्र त्याआधी, तिसऱ्या प्रकरणात आहे. बाप समजूत घालायला येतो तेव्हा पर्पेतुआ जवळचे एक भांडे दाखवते : 'बाबा, हे भांडे दिसतंय ना, घागर म्हणा हवं तर. हिला घागरीशिवाय दुसरं काही म्हणता येईल?' नाही, तो म्हणतो. 'मग मलाही मी जे आहे त्याशिवाय दुसरं काही म्हणता येत नाही.' कार्थेजच्या अवशेषांत मातीच्या भांड्यांचे तुकडे पावलोपावली दिसतात, आणि त्या खापऱ्यांकडे बघताना हे वाक्य डोक्यातून जात नाही.

बिर्सावरून वायव्येला वीसेक मिनिटे चालले की ॲम्फीथिएटर, म्हणजे जनावरांच्या आणि ग्लॅडिएटरांच्या खेळांचे मैदान. इथे बहुतेकांची निराशा होते. कोलोसियमसारखे काही उभे नाही. दगड शतकानुशतके वाहून नेले गेले. उरली आहे ती झाडीतली लंबगोल खळगी, साधारण ६५ मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद, मधोमध खोदलेला भुयारी भाग, आणि व्हाइट फादर्स या मिशनरी संघाने पर्पेतुआच्या स्मरणार्थ उभारलेले खांब आणि कोठडीसारखे प्रार्थनास्थळ. खांब बघून 'हीच ती जागा' असे वाटते, पण जरा थांबावे. मजकुरात 'लष्करी खेळ' असा शब्द आहे, कैद्यांनाही लष्करी तुरुंगात हलवलेले आहे. त्यामुळे ते मैदान हेच की छावणीचे वेगळे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कच्ची जागा म्हणतो ती ही.

तरी अठरा ते एकवीस ही प्रकरणे इथेच वाचायची, कडेच्या मातीवर बसून. ७ मार्च, राजपुत्र गेटाच्या वाढदिवसाचे खेळ. पुरुषांना सॅटर्नच्या पुजाऱ्यांचे, बायकांना सेरेसच्या सेविकांचे कपडे घालायला सांगतात. पर्पेतुआ हुज्जत घालते : आमचे स्वातंत्र्य जाऊ नये म्हणूनच आम्ही जीव द्यायला तयार झालो, हा तर करार होता. ट्रिब्यून (लष्करी अधिकारी) मान्य करतो. दोघींपुढे मुद्दाम माजलेली गाय सोडतात, बायकांना मादी जनावर. आधी त्यांना विवस्त्र करून जाळ्यात गुंडाळून आणतात. पण एक कोवळी पोर आणि दुसरी नुकती बाळंत झालेली, स्तनांतून दूध गळणारी, हे पाहून प्रेक्षकच शहारतात, तेव्हा परत नेऊन सैल झगे घालतात. गाय पर्पेतुआला उडवते. ती उठून बसते, फाटलेला झगा मांडीवर ओढते, मग केसांचा आकडा शोधते. मोकळे केस म्हणजे शोक, आणि आपल्या गौरवाच्या दिवशी आपण शोकात दिसू नये म्हणून. मोजून दोन हालचाली आहेत. सूडाच्या, चमत्काराच्या कथा रचणाऱ्याला हे सुचत नाही. डोळ्यांनी पाहिलेले आहे ते.

सातुरूसला बिबट्याचा एकच चावा बसतो, रक्ताची आंघोळ होते, आणि प्रेक्षक ओरडतात : 'छान न्हालास!' न्हाणीघरात एकमेकांना म्हणायचे ते वाक्य. शेवटी तलवार. शिकाऊ ग्लॅडिएटरचा पहिला वार हाडावर जातो. पर्पेतुआ किंचाळते आणि त्याचा थरथरता हात स्वतः आपल्या गळ्याशी नेते.

फेलिसितासचे प्रकरण पंधरावे. ती दासी होती. आठवा महिना चालू होता आणि गरोदर बाईला देहदंड देण्यास रोमन कायद्याची बंदी. म्हणून आपण मागे राहू, पुढे परक्या गुन्हेगारांबरोबर मरावे लागेल, ही तिची चिंता. खेळांच्या दोन दिवस आधी सगळे मिळून प्रार्थना करतात आणि तिला कळा येतात. पहारेकरी डिवचतो : आत्ताच एवढी विव्हळतेस, जनावरांपुढे काय करशील? ती म्हणते, 'आत्ता जे सोसतेय ते मी सोसतेय. तिथे माझ्या आत दुसरा कोणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मी त्याच्यासाठी सोसत असेन.' मुलगी झाली. ती एका ख्रिस्ती बहिणीने वाढवली. पुढे तिचे काय झाले, मजकूर सांगत नाही.

दिवस दुसरा (बुधवार) : म्सिद्फा, बार्दो, संध्याकाळचे विमान

सकाळी टॅक्सी करून आधी दामुस अल-कारिता ही भली मोठी उद्ध्वस्त बासिलिका (जुने चर्च), मग पुढे म्सिद्फा, म्हणजे 'बासिलिका मायोरुम'ची जागा. टॅक्सीवाल्याला 'बासिलिका मायोरुम' म्हणून काही कळत नाही. फोनवर नकाशा उघडून दाखवायचा आणि त्याला थांबवून ठेवायचे, परतीची गाडी सहज मिळत नाही. पाचव्या शतकातला विता गावचा बिशप व्हिक्टर सांगतो की पर्पेतुआ आणि फेलिसितास यांचे देह या बासिलिकेत होते आणि ती वांडाल या आक्रमक टोळीने बळकावली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फादर देलात्र यांनी इथे खोदकाम केले आणि फुटक्या संगमरवराच्या तुकड्यांतून नावे जुळवली : सातुरूस, सातुर्निनुस, रेवोकातुस, सेकुंदुलुस, फेलिसितास, पर्पेतुआ. फलक हौतात्म्यानंतर काही शतकांनी कोरलेला, पण मजकूर आणि दगड इथे एकमेकांना भेटतात. आज जागेवर बघायला फार काही नाही. अर्धा तास पुरे. बिर्सावरचे कार्थेज संग्रहालय गेली काही वर्षे दुरुस्तीसाठी बंद आहे. उघडले की नाही ते आधी विचारून घ्यावे.

दुपारी बार्दो, शहरातून ४ क्रमांकाच्या ट्रामने. रोमन मोझेइकांचा इथला संग्रह प्रचंड आहे आणि दोन तासांत माणूस थकतो. ख्रिस्ती थडग्यांवरची मोझेइके आधी बघून घ्यावीत, नाहीतर ती शेवटाला राहतात आणि पाय बोलायला लागतात.

विमानतळावर वाचायला एक पानभर मजकूर : १७ जुलै १८०, स्किल्ली गावच्या बारा जणांच्या खटल्याची नोंद. उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लोकांचा हा सगळ्यात जुना लॅटिन कागद. बारांत पाच स्त्रिया : दोनाता, वेस्तिया, सेकुंदा, यानुआरिया, जेनेरोसा. दोनाता म्हणते, सीझरला सीझर म्हणून मान, भीती मात्र देवाची. वेस्तिया : मी ख्रिस्ती आहे. सेकुंदा : जी आहे तीच मला राहायचंय. प्रोकॉन्सल तीस दिवसांची मुदत देऊ करतो, ते घेत नाहीत. संपले. ना जनावरे, ना चमत्कार.

उरलेले दिनार इथेच परत बदलून घ्यायचे, देशाबाहेर नेता येत नाहीत. पैसे बदलल्याची पावती मागतात.

दिवस तिसरा (गुरुवार) : रोम, आग्नेस आणि प्रिशिला

मेट्रोच्या बी-१ शाखेने सान्ताग्नेसे-अनिबालियानो. रक्तसाक्षी मुलगी आग्नेस हिची बासिलिका नोमेंताना रस्त्यावर. रोममधली चर्चे दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात ती तीन-चारपर्यंत, म्हणून नऊला दारात हवे. चर्च जमिनीखाली आहे, कारण ते थडग्याच्या पातळीवर बांधले. लांब संगमरवरी जिना उतरत जायचा. दोन्ही भिंतींत भुयारांतले शिलालेख बसवलेले आहेत. घाईने उतरणारे नेमकी मुख्य वस्तू चुकवतात. पोप दामासुस (३६६–३८४) याने आग्नेसवर रचलेल्या कवितेची मूळ शिळा इथे आहे, फिलोकालुस या कारागिराने कोरलेली; अक्षरांच्या टोकांना बारीक वळणदार आकडे, त्यावरून त्याचा हात ओळखू येतो. मधली कित्येक शतके ही शिळा फरशी म्हणून पालथी पडली होती. १७२८ मध्ये उलटली तेव्हा अक्षरे शाबूत, पालथी असल्यामुळेच.

आता कच्चा कागद बघा. आग्नेसच्या खटल्याची नोंद नाही. दामासुस म्हणतो, लोक सांगतात की ती दाईच्या मांडीवरून उठून गेली, जुलमी माणसाने तिला ज्वाळांत जाळायचे ठरवले, तिने केसांनी अंग झाकले. त्याच काळातला मिलानचा बिशप आंब्रोज म्हणतो : वय बारा, बेड्या बसतील एवढे मनगटही नव्हते, आणि मृत्यू तलवारीने. थोड्या वर्षांनी कवी प्रुदेंतियुस तिला वेश्यावस्तीत उभी करतो. म्हणजे तिच्यामागे शंभरेक वर्षांतच तीन तऱ्हा. आता वेदीमागच्या कमानीत वर बघा. पोप होनोरियुसने सातव्या शतकात करवलेले मोझेइक आहे. सोनेरी पार्श्वभूमी, आग्नेस बिझंटाइन राणीच्या थाटात, वस्त्रावर फिनिक्स पक्षी. पायांशी नीट पाहायचे, दुर्बीण असेल तर काढायची : तलवारही आहे आणि ज्वाळाही. कारागिराने वाद सोडवत बसण्याऐवजी दोन्ही ठेवून दिले.

एवढे मात्र खरे, की एक मुलगी होती, तिचे थडगे या टेकडीत होते, २१ जानेवारीला तिचे स्मरण व्हायचे. चौथ्या शतकातल्या रोमन पंचांगात ती तारीख आहे. बादशहा कॉन्स्टंटाइनची मुलगी कॉन्स्तान्तिना तिच्याजवळ पुरून घ्यायला आली. तिचे गोल समाधिगृह, सान्ता कोस्तान्झा, याच आवारात. छतावरचे द्राक्षे तुडवणारे गडी बघून हे मद्यदेवाचे देऊळ असावे असा लोकांचा पूर्वी समज होता. आतली लाल पोर्फिरीची शवपेटी नक्कल आहे, मूळ व्हॅटिकन संग्रहालयात. इथे लग्ने फार लागतात, शनिवारी तर जाऊच नये.

दुपारी वीस-पंचवीस मिनिटे चालत सालारिया रस्त्यावर प्रिशिलाच्या भुयारांत. खाली बारमाही पंधरा-सोळा अंश. जूनमध्येही स्वेटर लागतो. फोटो काढू देत नाहीत, आणि वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. एक गैरसमज वाटाडेच पहिल्या मिनिटात काढून टाकतात : इथे कोणी लपून राहत नव्हते. शहराच्या हद्दीत पुरायला बंदी, म्हणून रस्त्याकडेच्या मऊ तुफा दगडात खणलेली ही कबरस्ताने. 'बुरखेवाली'च्या खोलीत तिसऱ्या शतकातली एक स्त्री दोन्ही हात पसरून प्रार्थनेला उभी आहे. ती रक्तसाक्षी नाही. तिथल्या बहुतेक जणी आपल्या मरणाने गेल्या.

आणि फिलोमिना. १८०२ मध्ये इथे तीन भाजलेल्या फरश्यांनी बंद केलेले एक थडगे सापडले. फरश्यांवर क्रमाने 'लुमेना', 'पाक्स ते', 'कुम फी'. पहिली फरशी शेवटी नेली की 'पाक्स तेकुम, फिलुमेना', म्हणजे तुला शांती असो, फिलुमेना. शेजारी जहाजाचा नांगर आणि बाण रंगवलेले, थडग्याजवळ काचेची कुपी. कुपीतले ते रक्त, नांगर आणि बाण ही छळाची हत्यारे, असे ठरले आणि पाहता पाहता एक कुमारी रक्तसाक्षी, चरित्रासकट, उभी राहिली. चूक कुठे झाली? फरश्यांचा क्रम उलटसुलट, कारण त्या बहुधा आधीच्या कबरीवरून काढून पुन्हा वापरलेल्या. नांगर हे आशेचे नेहमीचे चिन्ह. आणि अशा कुप्या कितीतरी साध्या थडग्यांपाशी सापडतात. १९६१ मध्ये तिचा सण पंचांगांतून काढला. तोवर नाव जगभर गेले होते. गोव्यात, वसईत प्रत्येक पिढीत फिलोमिना निघतात, म्हैसूरचे कॅथेड्रल तिच्याच नावाचे आहे. त्या नावाची कोणी बरोबर असेल तर ही गोष्ट जरा बेताने सांगावी.

दिवस चौथा (शुक्रवार) : आप्पिया रस्ता

चिर्को मास्सिमोहून ११८ क्रमांकाची बस. वाट बघायची तयारी ठेवायची, ती क्वचित येते. कालिस्तोच्या भुयारांत दे रोस्सी या पुरातत्त्वज्ञाने १८५४ मध्ये पोपांची कबर-खोली शोधली. तिला लागूनच रक्तसाक्षी सिसिलियाची. खोबणीत पांढरी मूर्ती आहे ती नक्कल, मूळ उद्या. थडगे रिकामे आहे, कारण नवव्या शतकात पोप पास्कालने अवशेष शहरात नेले. फेरी पाऊण तासाची, गर्दी भरपूर.

तिथून चालत दोमितिला. चौथ्या शतकातले एक भित्तिचित्र इथे आहे : मेलेली वेनेरांदा स्वर्गाच्या बागेत शिरते आहे आणि तिला वाट दाखवणारी, नाव लिहिलेली, 'रक्तसाक्षी पेत्रोनेला'. ओळखीच्या बाईने नवख्या बाईला हाताशी धरून लग्नघरात न्यावे तसे. साध्या लोकांना या बायकांकडून काय हवे होते, ते या एका चित्रात आहे. नेहमीच्या फेरीत ते दाखवतीलच असे नाही, तिकीट काढतानाच विचारावे.

दिवस पाचवा (शनिवार) : त्रास्तेवेरे, मग प्रासेदे

सान्ता सिसिलियाला सकाळीच जायचे, कारण मठाच्या वरच्या भागातले काव्हालीनीचे 'अंतिम न्याय' हे भित्तिचित्र फक्त सकाळी दाखवतात. १५९९ मध्ये थडगे उघडले, १६०० मध्ये स्तेफानो मादेर्नोने ही मूर्ती घडवली. कुशीवर पडलेला देह, चेहरा मागे वळलेला, मानेवर बारीक काप. दोन्ही हात बघा : एकाची तीन बोटे उघडी, दुसऱ्याचे एक. एकाच देवाच्या तीन रूपांची, म्हणजे त्रैक्याची खूण, असे सांगतात. तिची कथा पाचव्या शतकातली, आणि तिच्यात इतिहास किती ते कोणालाही दाखवता आलेले नाही. संगीताची ती आश्रयदाती झाली तीही एका वाक्यामुळे. लग्नात वाद्ये वाजत असताना सिसिलिया मनातल्या मनात केवळ देवासाठी गात होती, असे मूळ. गाताना 'मनात' गळले आणि वाद्ये तिच्या हातात आली. तळघरातली रोमन घरे वेगळे तिकीट काढून बघता येतात.

दुपारनंतर सान्ता प्रासेदे हे चर्च. दिव्याच्या पेटीत नाणे टाकल्याशिवाय झेनोच्या प्रार्थनागृहातले मोझेइक दिसत नाही, सुटी नाणी खिशात हवीत.

तारखेचा प्रश्न राहिला. वसईत मराठी मिस्सेला जाणाऱ्यांना सात नावे माहीत असतात, पहिल्या युखारिस्तिक प्रार्थनेतली : फेलिसिटी, पर्पेतुआ, आगाथा, लुसी, आग्नेस, सिसिलिया, अनास्तासिया. त्यांतल्या एखादीच्या सणाला धरून जायची इच्छा होते. २१ जानेवारीला आग्नेसच्या चर्चमध्ये कोकरे आणतात, पुढे आर्चबिशपांच्या खांद्यावरच्या पाल्लियम या पट्ट्याला लोकर लागते त्या प्रथेतली. पण त्या सुमारास कालिस्तोची भुयारे वार्षिक सुट्टीला बंद होतात. ७ मार्चला कार्थेजला हवा छान असते, पण आवारात काही घडेलच असे नाही. २२ नोव्हेंबर, सिसिलियाचा सण, सगळ्यात सोयीचा. ट्युनिसचे ऊन उतरलेले, भुयारे उघडी. मात्र त्या आठवड्यात त्रास्तेवेरेचा दिवस सणाच्या आधी किंवा नंतर ठेवावा, नाहीतर मूर्तीपुढे उभे राहायला जागा मिळायची नाही.